रात्री किती वेळा उठता?

आजवर या कार्यक्रमात आपण बायकांच्या दुखण्यांवर बोललो. पाळीचा त्रास, अंगावरून पांढरं जाणं, छातीतली गाठ, रक्त कमी होणं. आजचं दुखणं मात्र पुरुषांचं आहे. मग ते बायकांच्या कार्यक्रमात कशाला, असं कुणी विचारील. तर हे दुखणं पुरुष तोंडाने सांगत नाहीत, आणि घरात ते पहिल्यांदा आपल्यालाच कळतं. मालक रात्री किती वेळा उठले हे शेजारी झोपलेल्या बाईला माहीत असतं. कपडे धुताना डाग दिसतो तोही तिलाच.

आजचा विषय आहे प्रोस्टेटचा कर्करोग, म्हणजे कॅन्सर. तो कसा ओळखायचा आणि दवाखान्यात कधी जायचं, ते पाहू.

आमच्या गटातल्या एका मावशींनी, नाव सांगायचं नाही या अटीवर, त्यांच्या घरची गोष्ट सांगायची परवानगी दिली आहे. त्यांच्या मालकांनी भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर आयुष्य काढलं. निवृत्त झाल्यावर चाकणच्या एमआयडीसीत रात्रीचे वॉचमन म्हणून लागले. तेव्हा त्यांना रात्रीतून पाच-पाच वेळा लघवीला जावं लागायचं. धार बारीक झाली होती, उभं राहूनही वेळ लागायचा. ते म्हणायचे, "ड्युटीवर चहा जास्त होतो" किंवा "वय झालं आता." मावशींनी धने-जिऱ्याचं पाणी दिलं, सब्जा दिला. उन्हाळी लागली असेल असं त्यांना वाटलं. वर्षभराने कंबर दुखायला लागली. आयुष्यभर उभं राहून काम केलेला माणूस, कंबर दुखणारच, असं सगळ्यांनी धरलं. तेल चोळून झालं, पट्टा बांधून झाला, जवळच्या दवाखान्यातून इंजेक्शनं घेऊन झाली. एके दिवशी सकाळी ते खाटेवरून उठायला गेले, तर पायांत जोरच नव्हता.

मोठ्या रुग्णालयात एमआरआय केला. प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यात पसरला होता आणि त्याचा दाब पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूवर येत होता. उपचार मिळाले, माणूस वाचला. आज ते काठी धरून अंगणात फिरतात. पण मावशी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतात, "लघवीचं आणि कंबरेचं काही नातं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." म्हणून आजचा कार्यक्रम.

प्रोस्टेट म्हणजे काय?

ही पुरुषाच्या ओटीपोटात, लघवीच्या पिशवीच्या खाली असलेली एक ग्रंथी आहे. तरुणपणी साधारण अक्रोडाएवढी असते. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. पिशवीतून बाहेर येणारी लघवीची नळी या ग्रंथीच्या मधोमध जाते. अंगठीतून बोट जावं तशी. आता अंगठीच आतून फुगली तर बोट आवळणार, तसं ग्रंथी वाढली की नळी दाबली जाते. लघवीची धार बारीक होते ती त्यामुळे.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ, नाहीतर हा कार्यक्रम ऐकून घरोघर उगाच घबराट व्हायची. पन्नाशीनंतर बहुतेक पुरुषांची प्रोस्टेट हळूहळू वाढते. ही वाढ साधी असते, तिला कर्करोग म्हणत नाहीत आणि तिच्यातून पुढे कर्करोग होतो असंही नाही. साठीच्या आसपास जवळपास निम्म्या पुरुषांत अशी वाढ सापडते. तिच्यावर गोळ्या आहेत, गरज पडली तर दुर्बिणीतून करायची शस्त्रक्रिया आहे. म्हणजे लघवीचा त्रास असलेल्या बहुतेकांना कर्करोग नसतोच.

पण वरून दोन्हींची लक्षणं सारखीच दिसतात. घरात बसून त्यांतला फरक ओळखता येत नाही. आपल्याला येत नाही, वैद्यबुवांना येत नाही आणि डॉक्टरांनाही तपासणीशिवाय येत नाही. आणखी एक अडचण आहे. कर्करोग सुरुवातीला बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, नळीपासून लांब वाढतो. त्यामुळे पुष्कळदा सुरुवातीला काहीच त्रास होत नाही.

जगात दर वर्षी सुमारे १४ लाखांहून जास्त पुरुषांना हा कर्करोग झाल्याचं निदान होतं. भारतात २०२२ साली असे सुमारे ३८ हजार नवे रुग्ण असावेत, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत त्याचा क्रमांक बराच वरचा आहे. पन्नाशीच्या आत तो क्वचित होतो. पासष्टीनंतर धोका जास्त. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला झाला असेल तर धोका साधारण दुप्पट होतो.

आता ऐका, हे खास आपल्यासाठी. काही घराण्यांत आई, मावशी, बहीण यांना कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झालेला असतो. त्यामागे कधी कधी पिढीजात येणारा जो दोष असतो, तोच त्या घरातल्या पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका वाढवतो. म्हणून डॉक्टरांनी घरातल्या आजारांविषयी विचारलं, की बायकांचे आजारही सांगा. "ते बायकांचं होतं" म्हणून गाळू नका.

लक्ष कशावर ठेवायचं?

लघवीच्या बाबतीत या गोष्टी पाहा. रात्री दोन-तीनदा किंवा जास्त वेळा उठावं लागणं. धार बारीक होणं, मध्येच तुटणं. सुरू व्हायला वेळ लागणं, जोर लावावा लागणं. झाल्यावरही थेंब थेंब गळत राहणं. पिशवी पूर्ण रिकामी झाली नाही असं वाटणं. एकदम घाई होऊन कपड्यात होणं. जळजळ होणं.

रात्री वारंवार लघवीला जाणं हे मधुमेहाचंही लक्षण आहे. म्हणून त्याच फेरीत रक्तातली साखरही तपासून घ्या.

लघवीतून किंवा वीर्यातून रक्त जाणं वेगळं धरायचं. लघवीतलं रक्त लालच असतं असं नाही, कधी चहासारखा तपकिरी रंग दिसतो. दुखत नसलं आणि एकदाच दिसलं तरी ते दाखवायचंच. "पुन्हा झालं तर बघू" असं म्हणायचं नाही. रक्त मुतखड्याने जातं, जंतूंच्या लागणीने जातं, तसं पिशवीच्या कर्करोगानेही जातं. काय आहे ते तपासल्यावरच कळतं.

तिसरी गोष्ट हाडांची. हा कर्करोग पसरला की बहुधा हाडांत जातो. मणका, माकडहाड, खुबा, फासळ्या. कामाने दुखणारी कंबर आडवं झाल्यावर बरी वाटते. हे दुखणं मात्र रात्री पडल्यावरही थांबत नाही, आठवड्यामागून आठवडे वाढतच जातं, गोळी घेतली की तेवढ्यापुरतं दबतं. पन्नाशी-साठीच्या माणसाची अशी कंबर दुखत असेल, सोबत वजन उतरत असेल, भूक मेली असेल, थकवा येत असेल, तर तेल-मालिश बाजूला ठेवून डॉक्टरांकडे चला. आणि लघवीचाही त्रास आहे हे तिथे आवर्जून सांगा. कंबर दाखवायला गेलेला माणूस लघवीचं बोलत नाही आणि लघवी दाखवायला गेलेला कंबरेचं. दोन्ही एकत्र सांगायचं काम आपलं.

कधी, किती घाईने?

हा भाग वहीत लिहून घ्या आणि गटाच्या बैठकीत वाचून दाखवा.

त्याच दिवशी, रात्र असली तरी जायचं: लघवी पूर्ण तुंबली आहे, ओटीपोट फुगून कळा येत आहेत. अशा वेळी "पाणी पी, होईल" म्हणून भरमसाट पाणी पाजू नका, त्याने पिशवी आणखी ताणते. रुग्णालयात नळी घालून लघवी काढतात, माणसाला लगेच आराम पडतो. लघवीतून रक्ताच्या गाठी पडत असतील तरी त्याच दिवशी. थंडी वाजून ताप आणि लघवीचा त्रास एकत्र असेल तरीही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: कंबरदुखीसोबत पायांत मुंग्या येत असतील, पाय लुळे पडत असतील, मांड्यांमध्ये बधिरपणा आला असेल, लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल, तर तो मणक्यावरचा दाब असू शकतो. इथे तासांना किंमत आहे. पाय पुरते जाण्याआधी उपचार मिळाले तर चालणं टिकण्याची शक्यता जास्त असते. १०८ ला फोन करा.

आठवड्याच्या आत जायचं: लघवीत एकदाही रक्त दिसलं, किंवा वर सांगितलं तसं हाडाचं न थांबणारं दुखणं आहे.

दोन-तीन आठवड्यांत जायचं: बाकीचा लघवीचा त्रास, मग तो थोडा असला तरी. "दिवाळी होऊ दे", "कांद्याची काढणी होऊ दे", "पोरीचं लग्न होऊ दे" असं करत लोक वर्ष काढतात.

डॉक्टर काय करतात?

आधी विचारपूस होते, लघवी आणि रक्त तपासतात, पोटाची सोनोग्राफी करतात. मग डॉक्टर हातमोजा घालून गुदद्वारातून एका बोटाने ग्रंथी चाचपून पाहतात. ती घट्ट आहे का, गाठ लागते का, ते कळतं. मिनिटभराचं काम. पुरुष सगळ्यांत जास्त बिचकतात ते यालाच. त्यांना आपण सांगायचं, आम्ही बाळंतपणात आणि गर्भाशयाच्या तपासणीत काय काय सोसलं, तुम्हाला एक मिनिट जड का व्हावं?

दुसरी तपासणी पीएसए नावाची, साधी रक्ताची. प्रोस्टेटमध्ये तयार होणारा एक पदार्थ रक्तात किती आहे ते त्यात मोजतात. साधारणपणे ४ च्या वर आकडा गेला की डॉक्टर पुढचा विचार करतात, मात्र वयाप्रमाणे हा हिशेब बदलतो. आकडा वाढला म्हणजे कर्करोगच, असं नाही. साध्या वाढीने, लागण झाल्याने, नुकतीच नळी घातली असल्यानेही तो वाढतो. उलट, प्रोस्टेट लहान करणाऱ्या फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड अशा गोळ्या चालू असतील तर आकडा निम्म्यावर येतो आणि फसगत होते. म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या. सर्दीच्या काही गोळ्यांनीही लघवी तुंबते, त्याही दाखवा.

संशय राहिला तर एमआरआय काढतात आणि सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे घेऊन तपासतात. त्याला बायॉप्सी म्हणतात. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" ही भीती गावोगाव आहे. प्रोस्टेटच्या बायॉप्सीने कर्करोग पसरत नाही, आणि ती केल्याशिवाय बहुतेक वेळा निदान पक्कं होत नाही.

मग ज्यांना काहीच त्रास नाही त्यांनीही पीएसए करावी का? आपल्याकडे तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग तपासतात. प्रोस्टेट त्यात नाही. त्याचं कारणही आहे. या ग्रंथीतले काही कर्करोग इतके सावकाश वाढतात की माणसाला आयुष्यभर त्रास देत नाहीत. सरसकट तपासणी केली तर अशांनाही नाहक उपचार होण्याची भीती असते. म्हणून पन्नाशीनंतर डॉक्टरांशी बोलून ठरवावं. वडिलांना, भावाला झाला असेल तर हे बोलणं पंचेचाळिशीतच करावं.

उपचार आहेत का?

आहेत, आणि चांगले आहेत. कर्करोग ग्रंथीच्या आत असतानाच सापडला तर शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने, ज्याला आपण शेक देणं म्हणतो, तो बरा होऊ शकतो. फार सावकाश वाढणारा असेल तर डॉक्टर लगेच काही न करता ठरावीक दिवसांनी तपासण्या करत नजर ठेवतात. तोही एक उपचारच आहे, "डॉक्टरांनी हात टेकले" असा त्याचा अर्थ लावू नका.

पसरला असेल तरी मार्ग असतो. मुंबईला परळमध्ये टाटा हॉस्पिटल सुरू झालं १९४१ साली. त्याच साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिलं, की हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर, म्हणजे हार्मोनवर पोसला जातो आणि ते कमी केलं तर तो आटतो. त्या कामासाठी त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आजही पसरलेल्या रोगात पहिला भर इंजेक्शनं, गोळ्या किंवा छोट्या शस्त्रक्रियेने ते संप्रेरक कमी करण्यावरच असतो. दक्षिण आफ्रिकेचे नेल्सन मंडेला यांना २००१ साली, वयाच्या ८३ व्या वर्षी हा कर्करोग झाल्याचं कळलं. त्यांनी किरणोपचार घेतले आणि त्यानंतर ते १२ वर्षं जगले.

उपचारांचे त्रासही आहेत. काहींची लघवी गळते, काहींना शरीरसंबंध जमत नाही, अंगातून गरम वाफा येतात, चिडचिड होते. हे आधीच विचारून घ्यावं, दोघांनी मिळून. पाळी जाताना आपल्याला जे होतं तसंच काहीसं त्यांना होतं, तेव्हा समजून घेणं आपल्याला जड जाऊ नये.

कुठे जायचं, पैशांचं काय?

सुरुवात गावातल्या आशाताईंपासून करा. मग प्राथमिक आरोग्य केंद्र, चाकणचं ग्रामीण रुग्णालय. तिथून पुढे पिंपरीत संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे आपलं वायसीएम, औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा पुण्याचं ससून. लघवीच्या आजारांच्या डॉक्टरांची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी विचारून जा, म्हणजे एक दिवसाची मजुरी वाया जात नाही.

मोठ्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि त्यात कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार, औषधं येतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या 'आरोग्यमित्रा'ला भेटा. माहितीचा मोफत क्रमांक १५५३८८.

आपल्या पट्ट्यातल्या कामगारांच्या घरी आणखी एक कार्ड असतं, ईएसआयचं. पुष्कळांना वाटतं, कंपनी सुटली की ते संपलं. तसं नाही. किमान पाच वर्षं ईएसआयमध्ये राहून वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पत्नीसाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. कोणते उपचार त्यात बसतात ते ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारा. कपाटातलं जुनं कार्ड आजच शोधून ठेवा.

त्यांच्याशी बोलायचं कसं?

पोरासुनांसमोर नको, पाहुण्यांसमोर तर नकोच. दोघंच असताना विचारा, "रात्री किती वेळा उठता? धार पूर्वीसारखी आहे का? कधी रक्त दिसलं?" तीन दिवस, दिवसा किती वेळा आणि रात्री किती वेळा लघवी झाली, ते कॅलेंडरवर रेघा मारून ठेवा. डॉक्टरांना तोंडी सांगण्यापेक्षा तो कागद जास्त सांगतो. सासऱ्यांचा प्रश्न असेल आणि आपल्याला बोलायचा संकोच वाटत असेल, तर सासूबाईंना सांगा किंवा मालकांना त्यांच्याशी बोलायला लावा. एकटे राहणारे चुलते, दीर यांचीही आठवण ठेवा. रात्रपाळीचे वॉचमन आणि ट्रक-टेम्पोवाले लघवी तुंबवून धरतात. त्याने हा कर्करोग होत नाही, पण त्रास अंगावर काढायची सवय तिथेच लागते.

मागच्या बैठकीत दोन प्रश्न आले होते. हा रोग नवऱ्याकडून बायकोला होतो का? नाही. शरीरसंबंधातून, एका ताटात जेवल्याने, एका खाटेवर झोपल्याने तो लागत नाही. बाहेरख्यालीपणामुळे होतो का? नाही. असला संशय घेऊन कुणी घर मोडू नका.

शेवटी एक आठवण. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ साली ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंद ठेवण्याचं काम सुरू झालं. ग्रामीण भागासाठी देशातलं ते पहिलंच. नोंदी करणारी माणसं गावोगाव फिरायची आणि फिरताना लोकांना कर्करोगाची लक्षणं सांगायची. नुसतं सांगायची. काही वर्षांत दिसून आलं, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाया तिथे आधीपेक्षा लवकर, रोग थोडा असतानाच दवाखान्यात येऊ लागल्या होत्या. जी गोष्ट बायकांसाठी झाली ती पुरुषांसाठीही व्हावी, एवढीच आमची इच्छा.

मावशी हे बोलणं रेकॉर्ड होताना आमच्या शेजारीच बसल्या होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "आता प्रत्येक गटात एकीने तरी आज रात्री घरी विचारायला हवं." मैत्रिणींनो, विचाराल ना? नमस्कार.